सात मेखांची शेगडी

बाजाराच्या दिवशी ताडकळसच्या सटवाजी लोहाराला मान वर करायला सवड नसायची. विळे पाजवायचे, कुऱ्हाडीला पाणी द्यायचं, कुणाच्या वखराची पास ठोकून द्यायची. मार्गशीर्षातल्या अशाच एका बाजारी मेंढरांमागं हिंडणारा ग्यानबा पोत्यात काहीतरी जड घेऊन आला आणि ते त्यानं सटवाजीच्या पुढ्यात टाकलं.

"मेंढरं कोंडायला माळावर खांब रोवायलो होतो," तो म्हणाला. "खाली हे लागलं. पालथं पुरल्यालं होतं. मोडा, अन् मला दोन विळे करून द्या."

सटवाजीनं पोतं बाजूला केलं. मातीनं आणि गंजानं बरबटलेली, चार पायांची एक लांबोडकी शेगडी होती. त्यानं तिच्यावर हातोडीनं हलकेच टिचकी मारली आणि कान दिला.

"हे बीड हाय, ओतीव लोखंड, ग्यानबा. घनाखाली धरलं तर काचंवानी फुटंल. ह्याचा विळा जलमात व्हायचा न्हाई."

"मग तुमाला काय करायचं ते करा. मी परत न्यायचो न्हाई."

"का रं?"

"मेंढरं त्याच्याजवळ बसंनात," ग्यानबा म्हणाला. सटवाजीनं आपले दोन विळे त्याच्या हातात ठेवले, तसा तो मागं न बघता निघून गेला.

आता शहाण्या माणसानं तेव्हाच ती शेगडी भंगारात टाकली असती. पण चांगलं ओतकाम दिसलं की लोहाराचे हात शिवशिवतात, आणि हौसेपुढं शहाणपण कधी टिकलंय? सटवाजीला त्या शेगडीचे पाय आवडले. वाघाच्या पंजासारखे नखं काढलेले पाय होते ते. असं काम त्याच्या बापानंही पाहिलं नसेल.

शिवाय घरात शेगडी लागणारच होती. त्याची एकुलती लेक पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई ऊसतोडीला कारखान्यावर गेलेला. पोरीला परभणीच्या दवाखान्यात न्यायचं सटवाजीनं ठरवून ठेवलं होतं, पण ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. आज मोर्चा, उद्या बंद, आणि एसटी सुटली तर सुटली. तिचे दिवस भरले तेव्हा फाट्यावर सलग तीन दिवस गाडी आली नाही. शेवटी गावच्या सुईणीनं, म्हाळसाबाईनं, तिला घरातच मोकळं केलं. मुलगा झाला. सटवाजी दारात उभा राहून ते रडणं ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

त्याआधीच शेगडीचं काम सुरू झालं होतं. आधी रॉकेलमध्ये भिजवली, मग चिंचेच्या पाण्यात. तारेच्या ब्रशानं गंज उतरवला. वरची जाळी गंजानं पार खाल्ली होती, ती नवीन सळया ओढून बसवली. काठावर दोन्ही बाजूंना समोरासमोर खाचा होत्या, त्या कशाच्या ते त्याला कळेना. आणि खालच्या अंगाला, जिथून वारं आत शिरून निखारे फुलवतं, तिथं सात भोकं होती. सातही लोखंडी मेखा ठोकून बंद केलेली.

सटवाजी हसला. कुणीतरी अडाण्यानं राख सांडते म्हणून शेगडीचं नाकच दाबून ठेवलं होतं. हातड्रिलनं जपून, बीड तडकू न देता, त्यानं एकेक मेख काढली. सातवी निघाली तेव्हा भोकातून काळी राख आपोआप गळाली. पुरलेल्या शेगडीतली राख ओली असायला हवी. ही कोरडी होती, आणि कोमट.

एका बाजूला उर्दू अक्षरं वर आली. ती वाचायला त्यानं शेजारच्या दिनकररावांना बोलावलं. दिनकरराव निजामाच्या अमलात शाळा शिकलेले, पुढं कचेरीत पेशकार होते. त्यांनी चष्मा पुसला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हैदराबादच्या कारखान्याचं नाव आहे. खाली साल आहे, तेराशे एकतीस फसली. म्हणजे साठ वर्षं झाली की रे हिला." मग त्यांनी त्या खाचा पाहिल्या. "ही घरातली शेगडी नव्हे, सटवाजी. या खाचांत मांसाच्या सळया आडव्या टाकून भाजायचे. दौऱ्यावर साहेब यायचे, माळावर तंबू पडायचे, खानसामा हिच्यावर भाजायचा. अस्सल जिन्नस आहे. तू मात्र तिचं सोनं केलंस."

सटवाजीची छाती दोन बोटं फुगली. जवसाचं तेल चोळून त्यानं शेगडी तापवली, तशी ती काळीभोर, नवरीसारखी दिसायला लागली.

बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी थंडीनं कहर केला. बाजेखाली जी मातीची शेगडी होती ती सकाळीच तडकली. चतुराबाई, सटवाजीची बायको, भट्टीशी आली. "अवो, ती तुमची शेगडी झाली का? लेकरू गारठायलंय."

त्यानं स्वतः निखारे भरले, वर ओवा-शेपा टाकल्या आणि शेगडी उंबऱ्यापाशी नेऊन ठेवली. आत नेली ती चतुराबाईनं. बारा दिवस बाळंतिणीच्या खोलीत बाप्या माणसानं पाय टाकायचा नाही, ही त्या घरची रीत होती. चतुराबाईनं शेगडी बाजेखाली सरकवली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकी चिंध्यांनी बुजवलेली होतीच. तिनं दार ओढून घेतलं, फटीला गोधडी लावली आणि धुणं घेऊन ओढ्याला निघाली.

"म्हाळसाबाई येईल इतक्यात अंग चोळायला," ती जाताना म्हणाली. "तुमी आत जाऊ नका."

भुताखेताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी सांगतो, ही भर दुपारची गोष्ट आहे. अंगणात लख्ख ऊन होतं. लिंबाखाली कोंबड्या माती उकरत होत्या. सटवाजी एक फाळ घासत बसला होता आणि भट्टी विझलेली होती. तरीही त्याला भात्याचा आवाज आला.

फस्स... थांबून... फस्स.

त्यानं वळून पाहिलं. भाता मुकाट पडला होता. आवाज घरातून येत होता, बाळंतिणीच्या खोलीतून. ओवा-शेपांचा वास होता, पण त्याच्याखाली दुसराही एक होता, मांस भाजल्यासारखा. सटवाजी दारापाशी गेला.

"पंचे... जागी हाईस का?"

भात्याचा आवाज थांबला. मग आतून बाईचा हळू आवाज आला.

"निजलीय... उठवू नका. लेकरू पेतंय."

आणि खरंच, कान दिल्यावर बाळ घोट घेत असल्याचं ऐकू आलं. चुटूक, चुटूक. सटवाजीला बरं वाटलं. चार दिवस पंचफुलाला पुरतं दूध नव्हतं, पोर सारखं किरकिरायचं. म्हाळसाबाई आत कधी गेली ते कळलं नाही, पण तिच्या हाताला गुण आहे, असं मनाशी म्हणत तो पुन्हा फाळाकडं वळला. तासभर तरी त्यानं काम केलं असेल. मध्ये एकदा गुणगुणलासुद्धा.

मग फाटकातून म्हाळसाबाई आत आली. धापा टाकत, पायांवर धूळ.

"सटवा, उशीर झाला रं बाबा. पल्याडच्या वस्तीवर अडल्याली बाई होती. सकाळधरनं तिथंच व्हते." तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "काय झालं?"

सटवाजीच्या हातातला फाळ खाली पडला. त्यानं दाराला धडक दिली. रीत, विटाळ, सगळं त्यानं तेव्हा झुगारलं, आणि हे एक तास आधी का सुचू नये म्हणून तो पुढं जन्मभर स्वतःला शिव्या देत राहिला. आतली हवा जड, गरम आणि गोडसर होती. पंचफुला बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिचे गाल लाल होते, कुणीही म्हणालं असतं छान झोपलीय. पण हात गार पडला होता.

बाळ तिच्याजवळ नव्हतं. ते खाली जमिनीवर, शेगडीला लागून पडलं होतं. जिवंत. डोळे टक्क उघडे, पोट टम्म, आणि ओठाच्या कडेला दुधाचा थेंब.

म्हाळसाबाईनं बाळाला उचललं, आणि मग तिची नजर शेगडीच्या पायांवर गेली. ती भिंतीला टेकली.

"ही... कुठून आणली?"

त्यानं सांगितलं.

"माजी सासू सुईण व्हती," म्हाळसाबाई म्हणाली. "माळावर साहेबाचा तंबू पडला व्हता. खानसाम्याची बायको तिथंच बाळंत झाली. असंच थंडीचं. लेकरू गारठू नये म्हणून त्यानं भाजायची शेगडी तंबूत घेतली अन् कनात गच्च बांधली. सकाळी मायलेकरं दोघं बी... तवापसून शेगडीत निखारा नसला तरी ती धापायची. मग तुज्याच आज्यानं तिची भोकं बंद करून माळावर पालथी पुरली, सटवा. तुज्याच आज्यानं."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी पूर्णेहून सायकलीवर आला. बंद खोलीत कोळसा जाळला की असं होतं, म्हणाला. त्याच हवेत बाळ कसं जगलं, असं सटवाजीनं विचारलं तेव्हा तो बॅग आवरायला लागला.

लेकीला अग्नी देऊन आल्यावर सटवाजीनं सात नव्या मेखा घडवल्या आणि शेगडीची सातही भोकं ठोकून बंद केली. माळावर नेऊन पुरायची, एवढंच राहिलं होतं.

पण त्या घटकेपासून बाळानं दूध सोडलं. ग्यानबानं शेळीचं दूध आणून दिलं, ते बाळानं गिळलं नाही. गल्लीतली एक लेकुरवाळी बाई पाजायला आली, तर तोंड फिरवून घेतलं. पहिल्या दिवशी ते रडलं, दुसऱ्या दिवशी कण्हलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं तोंड नुसतं उघडायचं, आवाज यायचा नाही. टाळू आत ओढली गेली होती.

चतुराबाई बाळाला मांडीवर घेऊन शेगडीसमोर बसली होती.

"अवो," ती म्हणाली. "मेखा काढा."

"येडी झालीस का तू?"

"लेक गेली माजी. हे पंचीचं एवढंच राह्यलंय. काढा... मी पाया पडते तुमच्या."

तिनं खरंच वाकून त्याच्या पायाला हात लावला. सटवाजीनं तिला खांदे धरून उठवलं. आपण एकदा त्या शेगडीचं नाक मोकळं केलं आणि पोटची पोर गेली. आता पुन्हा करायचं? त्यानं बाळाकडं पाहिलं. नाक थेट पंचफुलाचं होतं. तो वळला आणि ड्रिल शोधायला लागला.

खिडकी मात्र त्यानं सताड उघडी ठेवली, दारही. निखारे भरले, बाळाला शेगडीपासून हातभर लांब ठेवलं आणि स्वतः तिथंच बसला. निखारे विझले. पुन्हा भरले, पुन्हा विझले. बाळाचा श्वास आता मोजून घ्यावा इतका विरळ झाला होता.

चतुराबाई उठली. तिनं खिडकी लावली आणि फटीत चिंध्या कोंबल्या. मग नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर आणलं, दार ओढून घेतलं आणि खाली गोधडी सरकवली.

दोघं उन्हात उंबऱ्याबाहेर बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. दूर एसटीचा हॉर्न वाजला, आठ-दहा दिवसांत पहिल्यांदाच. मग आत भाता हलल्यासारखं झालं.

फस्स... फस्स...

आणि मग घोट. चुटूक, चुटूक. आधी दमलेले, मग जोरात. चतुराबाईनं तोंडात पदर कोंबला आणि ती रडायला लागली. सटवाजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पोर पीत होतं. दुसरं काही त्याला त्या घडीला नको होतं.

थोड्या वेळानं त्याचा हात तिच्या पाठीवरच थांबला. एक घोट संपायच्या आत दुसरा सुरू होत होता. एका तोंडाला इतक्या घाईनं पिता येत नाही. त्यानं श्वास रोखून ऐकलं. एक भिंतीकडून येत होता, एक दाराकडून.

मग घोट थांबले. आत एक बाळ पोट भरल्यावर हुंकारतं तसं हुंकारलं. आणि लगेच, पलीकडून, दुसरं.

सटवाजी कडीला हात घालायला उठला. चतुराबाईनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा... दार उघडल्यावर एकच असंल आत. त्यातलं आपलं कोनतं, हे कोन सांगंल?"

सटवाजीचा हात कडीवर तसाच राहिला. आत कुणीतरी अंगाई म्हणत होतं.