करुणाचा शब्द

"आईला तर घेऊन गेलंच तुमचं कुत्र्यांचं वेड… आता माझं लेकरूबी घ्यायचंय का त्याला?"

बुद्धभूषणच्या त्या वाक्यानं उस्मानपुऱ्यातलं ते छोटंसं घर सुन्न झालं! जिन्याच्या पायथ्याशी त्याची बायको सुलेखा कठडा घट्ट धरून उभी होती. सातवा महिना, चेहरा पांढराफटक… आणि तिच्या पायांशी तिपाई, तिच्या सासऱ्याची, बन्सीची, तीन पायांची कुत्री, आपलं काय चुकलं ते न कळून शेपूट पोटाशी ओढून थरथरत होती. पायरीवर पसरलेल्या तिपाईत सुलेखाचा पाय अडकला, एवढंच झालं होतं. कठडा हाताशी आला म्हणून ती सावरली होती.

"अहो, काय नाय झालं मला. मीच बघितलं नाय खाली," सुलेखा कशीबशी म्हणाली.

"तू मधी बोलू नको!" भूषणचा आवाज चिरकला. "पप्पा, उद्याच्या उद्या ह्या कुत्रीला घराबाहेर काढा. नाहीतर मी सुलेखाला घेऊन दुसरीकडं राहायला जातो."

बन्सी नुकताच लष्करी छावणीतून खेळून आला होता. गोल्फच्या काठ्यांची पिशवी अजून खांद्यावरच होती. त्याच्या ओठांवर एक वाक्य आलं… गेली अकरा वर्षं असंच ओठांपर्यंत येऊन परत जाणारं. ते एकच वाक्य उच्चारलं असतं तर मुलाची मान कायमची खाली गेली असती! त्यानं ते नेहमीसारखंच गिळलं आणि म्हणाला, "काढतो."

बन्सी वीज कंपनीत लाइनमन होता. ऐन उमेदीत छावणीतल्या गोल्फच्या मैदानाजवळ तार जोडायला गेला असताना कुणा फौजी साहेबानं गमतीनं त्याच्या हातात काठी दिली, आणि पहिल्याच फटक्याला तो पांढरा चेंडू आभाळात असा काही गेला की त्या दिवसापासून बन्सी त्या खेळाचा झाला तो झालाच! करुणा, त्याची बायको, हसून हसून बेजार व्हायची. "काठीनं चेंडू हाणायला एवढा मोठा माळ कशाला लागतो हो?" असं म्हणायची आणि पहाटे उठून त्याला डबा मात्र करून द्यायची. त्या डब्यातल्या अर्ध्या भाकरी मैदानावरची कुत्री खायची, हेही तिला ठाऊक होतं. गवतात टिटवीची अंडी दिसली की बन्सी भोवती काटक्या रोवून ठेवी आणि आपला चेंडू तिथं पडला तर खुशाल तो डाव सोडून देई. बरोबरचे लोक चिडत, हसत… बन्सीला त्याचं काहीच वाटत नसे.

पण त्या दुपारी त्याचं मन कशातच रमेना. जेवणावरून तो उठला, गच्चीवर गेला, खाली आला, पुन्हा गच्चीवर गेला. काठी घेऊन चेंडू नुसता पुढं ढकलायचा, तेही जमेना. चप्पल घालून क्रांती चौकापर्यंत चालत गेला, आणि आपण कशासाठी निघालो होतो तेच न आठवून परत फिरला. जीव नुसता तडफडत होता! तिपाईला कुठं ठेवायचं? तिला रस्त्यावरून उचलून आणणारा जनावरांचा डॉक्टर उजैर 'माझ्याकडं ठेवा, चाचा' म्हणाला असता. पण बन्सी दिसला नाही तर ती पाण्यालाही तोंड लावायची नाही. मग… आपणच का जाऊ नये तिच्यासोबत? आपण नजरेआड झालो तर पोराच्या काळजातली ती आगही कदाचित विझेल…

दुसऱ्या दिवशी चार कपडे पिशवीत भरून, तिपाईला उचलून तो निघाला. गोल्फच्या काठ्या त्यानं माळ्यावर टाकून दिल्या.

"मामा, तुम्ही कुठं निघालात?" सुलेखानं दारात वाट अडवली. तिचे डोळे भरून आले होते. "हे रागात बोलतात हो… मनात नसतं त्यांच्या."

"देवगावला, मालनअक्काकडं. चार दिवस राहीन म्हणतो. तू जप, पोरी."

मालनबाई म्हणजे करुणाची थोरली बहीण. देवगाव रंगारीला तिचं शेत, शेताच्या कडेला दोन खोल्यांचं घर. "जय भीम, दाजी! आज इकडं कसं काय?" असं म्हणतानाच तिची नजर पिशवीकडं गेली, मग कुत्रीकडं, मग त्याच्या सुकलेल्या चेहऱ्याकडं. तिनं पाणी दिलं. चहा दिला. बन्सी मात्र बसेचना! बांधावरून येरझाऱ्या घालत राहिला आणि तिपाई तीन पायांवर लंगडत त्याच्या मागं मागं.

संध्याकाळी तिनं त्याला समोर बसवलंच. "पोरगं काय बोललं, दाजी?"

त्यानं सांगितलं. मालनबाईच्या डोळ्यांत अंगार फुलला.

"आता बास! लई झालं. करुणा गेल्यावर तिच्या जलदानविधीला तुम्ही मला समदं सांगितलं आन् शब्द घेतला, म्हणून मी गप राहिले. पर गुन्हा नसताना सजा किती दिवस भोगायची माणसानं?"

"अक्का, तुम्हाला करुणाची शपथ आहे…"

"करुणा माझी बहीण व्हती!" ती कडाडली आणि आत निघून गेली.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी भूषण, चौदा वर्षांचा, खेळायला पळताना फाटक उघडं टाकून गेला होता. त्याची लाडकी गुंडी, त्यानंच पिल्लू असल्यापासून वाढवलेली, बाहेर धावली आणि गाडीखाली आली. करुणाची छाती सकाळपासून भरून येत होती, पण पित्ताचं दुखणं म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं. रक्तानं माखलेली गुंडी बघून तिनंच बन्सीला ढकललं होतं: 'तुम्ही आधी हिला न्या! ही मेली तर माझं पोरगं जन्मभर स्वतःला दोष देईल. आन् फाटकावरून त्याला रागावू नका… शब्द द्या मला!' त्यानं शब्द दिला. गुंडी वाचली. आणि तो घरी परतण्याआधीच करुणा गेली, खेळून परतल्यावर आईला रिक्षात घालून एकट्यानं दवाखाना गाठणाऱ्या भूषणच्या मांडीवर! अंगावर कुत्रीचं रक्त घेऊन धावत आलेल्या बापाकडं पोरानं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पुन्हा कधी निवळलीच नाही. गुंडी पुढं चार वर्षं जगली, पण भूषणनं तिच्या अंगावरून एकदाही हात फिरवला नाही.

सकाळी बन्सी विहिरीवरून परतला तर मालनबाई दारात ताठ उभी होती.

"मी भूषणला फोन केला, दाजी. समदं सांगितलं."

बन्सीच्या हातातली बादली निसटली. "काय केलंत हो अक्का! आता बाप होणार आहे तो… हे घेऊन कसा जगेल? काय म्हणाला?"

"कायबी बोलला नाय. फोन ठेवून दिला."

बन्सीनं लगेच भूषणचा नंबर लावला. वाजत राहिला, वाजत राहिला… पुन्हा लावला. कुणी उचलेना! सुलेखाला लावला, तर ती रडतच म्हणाली, "मामा, ते गाडी घेऊन गेले… काहीच बोलले नाहीत." बन्सीच्या डोळ्यांपुढं नको नको ते येऊ लागलं. तो रस्त्यापर्यंत धावत गेला, परत आला, पुन्हा गेला. जिच्या पोरासाठी एवढं सोसलं, तिला आता काय तोंड दाखवायचं!

ऊन चढल्यावर भूषणची मोटारसायकल शेताच्या कडेला येऊन थांबली. डोळे लालभडक, केस धुळीनं भरलेले. बन्सी लगबगीनं पुढं झाला आणि तो काही बोलायच्या आतच घाईघाईनं म्हणाला, "मावशीचं मनावर घेऊ नको, भूषण. त्या फाटकाची कडीच ढिली होती रे… वाऱ्यानंसुद्धा उघडायची. तुझी काही चूक नव्हती!"

"खोटं नका बोलू, पप्पा." भूषण तिथंच मातीत बसला. "कडी चांगली होती. मीच लावली नाय. मला माहीत आहे… पहिल्या दिवसापासून माहीत आहे!"

बन्सी त्याच्याजवळ सरकला.

"तुम्हाला माहीत नसंल असं वाटायचं मला. कळलं तर तुम्ही मला घरातून हाकलून द्याल असं वाटायचं. आईनं तुम्हाला पाठवलं, हे मात्र मावशीनं सांगंपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही तिला टाकून गेलात… आन् बरं वाटायचं! तुमच्यावर ओरडलं की तेवढा वेळ माझं फाटक मला दिसायचं नाय…" त्याचा आवाज फुटला. "परवा सुलेखाचा पाय अडकला तवा वाटलं, आता मलाच शिक्षा व्हणार!"

बन्सीला धरणी दुभंगल्यासारखं झालं. ज्या दुःखापासून वाचवण्यासाठी आपण तोंड शिवून बसलो, ते तर पोराच्या उराशी रात्रंदिवस होतंच! चौदा वर्षांचं लेकरू ते एकटं वागवत राहिलं, आणि आपण त्याला एकटंच सोडलं… त्याग म्हणून! तो खाली वाकला. मुलाच्या डोक्यावर हात ठेवू लागला, तर भूषणनं तो हात धरून बाजूला केला.

"नको पप्पा, माया नको. तुम्ही कधीच काय बोलला नाय मला. एकदा तरी रागवा… मी पाया पडतो तुमच्या! एकदा रागवा!"

"तुझ्या आईला शब्द दिलाय मी…"

"आई नाय आता! मी हाय. माझ्यासाठी रागवा!"

मालनबाई दारातून बघत होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

बन्सी उभा राहिला. त्याचा ऊर धपापत होता. आणि मग त्याच्या छातीच्या तळातून, बायको गेल्या दिवसापासून तिथं कोंडलेला आवाज असा काही बाहेर पडला की बांधावरचे बगळे उडाले.

"गाढवा! एक फाटक लावायला काय झालं होतं रे तुला? किती वेळा सांगितलं होतं… किती वेळा! लावायचं होतं ना रे…!"

"चुकलं पप्पा…" भूषण लहान पोरासारखा हुंदके देत म्हणाला. "चुकलं माझं…"

आणि पुढचा शब्द निघायच्या आत बन्सी त्याच्याशेजारी मातीत बसला आणि त्याला छातीशी धरून, करुणा गेल्यापासून पहिल्यांदाच, पोरासमोर मोठ्यानं रडू लागला.