राळ न घातलेला कागद

मेहकरच्या स्टँडवर अनुपमा जानेफळच्या गाडीची वाट पाहत होती, ती तिथल्या कुलदीपला फैलावर घ्यायला. आणि समोरच्या गाडीतून नेमका तोच उतरला. हसत!

"हसता काय? हे पाहा!" तिने हातातली गुंडाळी त्याच्या छातीवर आपटली.

पुष्पाबाईंच्या निवृत्तीचं, तिने त्याच्या कागदावर लिहिलेलं मानपत्र होतं ते. ज्या बाईंनी हात धरून अनुपमाचं अक्षर वळवलं, त्यांचंच नाव शाई फुटून कोळ्याच्या पायांसारखं पसरलं होतं.

"उद्या कार्यक्रम आहे. बाईले हे देऊ?"

कुलदीप सुती चिंध्यांचा कागद हातानं बनवायचा. त्याचं हसू मावळलं.

"लगद्यात राळ अन् तुरटी घातली की कागद शाई पीत नाही. या खेपेले राळ... नाही घातली."

"इसरले?"

"मुद्दाम नाही घातली."

"मुद्दाम? काऊन?" अख्खा स्टँड वळून पाहू लागला.

"मागं तुम्हीच म्हणाल्या, कागद लय कडक आहे, जुन्या पातळासारखा मऊ पाहिजे. म्हून... फक्त तुमच्यासाठी..."

अनुपमाचा राग क्षणभर अडखळला आणि दुप्पट भडकला. "मले सांगाले तोंड नव्हतं?"

"होतं. तुमच्यासमोर—चालत नाही ते."

"कोरे किती उरले माझ्याकडं? दहा. पातळाले देतो तशी खळ देऊ त्याइले, तुरटी घालून. चला!"

"मी?"

"मंग काय कंडक्टर?"

तिच्या अंगणात, आई सत्यभामाबाईंच्या नजरेसमोर, परातीतल्या कोमट खळीत एकेक कागद बुडू लागला. "हळू! फाटन ना!" ती खेकसत होती. दोन फाटलेच. चिकट खळीत बोटाला बोट लागलं... आणि दोघांनाही ते काढायची घाई नव्हती.

उन्हात कागद खडखडीत वाळले. तिने पाण्याचा थेंब सोडला. तो टपोरा, जागच्या जागी थांबला. तिने श्वास रोखून 'पुष्पाबाई' लिहिलं. कड कोरल्यासारखी!

मग तिने टाक त्याच्यापुढे सरकवला. "बोलता येत नसन, तर लिहा."

कुलदीपने बिघडलेल्या मानपत्राचा कोरा कोपरा फाडून घेतला—चांगला कागद वाया कसा घालवायचा! चार शब्द लिहिले. शाई भराभरा पसरली. तरी तिने ते वाचले. कानापर्यंत लाल झाली, आणि पुन्हा कडाडली,

"हे काय लिहिणं झालं? परवा राळ घातलेल्या कागदावर नीट लिहून आणा. आईले दाखवाचं आहे मले!"