एकच फोन केला होता

“टॉवर ठणठणीत आहे हो. तुमचा हिशेबच चुकतोय.”

सप्तापूरच्या सारख्या बंद पडणाऱ्या मोबाईल टॉवरखाली कपाळाला हात लावून उभा असलेला तो तरुण दचकून वळला, आणि मेधाला हसू आवरेना. हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन कोण शिकवायला आलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं!

“तुम्ही माणसं मोजता,” ती म्हणाली. “नाती मोजा. इथं सगळे एकमेकांचे पाहुणे. एकानं दोघांना फोन केला, की ते दोघं लगेच एकमेकांना करतात — कळलं का, म्हणून!”

मेधाचं विद्यापीठातलं संशोधन ह्याच विषयावर होतं. तो मुकुल, कोप्पीकर रोडवरच्या फोन कंपनीतला इंजिनिअर. टॉवरच्या निमित्तानं चहा सुरू झाला. पुढं निमित्त गळून पडलं, चहा राहिला.

मग त्याची गदगला बदली झाली. तरी स्वारी मनातलं चकार शब्दानं बोलेना! मेधाचा जीव टांगणीला लागला. आपणच वेडे ठरलो की काय?

तो निघायच्या आदल्या दुपारी सप्तापूरचं नेटवर्क पार बसलं. मुकुल धापा टाकत तिच्या दारात आला.

“सण नाही, निकाल नाही... एवढे फोन कशाचे?”

“काहीतरी मोठी बातमी —”

तेवढ्यात शेजारच्या हेमावती अक्का कुंपणावरून ओरडल्या, “अय्यो मेधा, मघापासून तुला फोन लावतेय! लग्न ठरलं म्हणे तुझं... ह्या टॉवरवाल्याशी!”

मेधाच्या पायाखालची जमीनच सरकली. “माझं? कोण म्हणालं?”

मुकुलचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी... एकच फोन केला होता. उणकलला, आईला. तिचे निम्मे पाहुणे इथलेच.”

“काय सांगितलंत?”

“की आज तुम्हाला... विचारणार आहे.”

मेधा थक्क! साऱ्या गावाला कळलं, आणि जिला विचारायचं तिलाच पत्ता नाही? रागवावं की रडावं, तिला सुचेना. शेवटी हसूच आलं, डोळ्यांत पाणी घेऊन.

“मग विचारा ना!”

“कराल... माझ्याशी लग्न? नाही म्हणायचं असेल तर —”

“नाही म्हटलं, तर तितकेच फोन पुन्हा होतील. टॉवरला झेपेल?”

“नाही झेपणार.”

“मग... हो.”

दोघं एकमेकांकडं बघतच राहिले. आणि कुंपणापलीकडून अक्कांचा आवाज आला, “लागला गं बाई! फोन लागला! हॅलो... ‘हो’ म्हणाली!”