अर्धं हसू

भर दुपारी, भिंतींना रजया टांगलेल्या बारक्या खोलीत लेक माइकपुढे गाजर मोडत होती आणि बाप कोबीचा गड्डा पिळत होता. काम व्हिडिओ गेमचं. खेळ मोठ्यांसाठीचा: आपण सरदार होऊन राज्यभर हिंडायचं, रक्ताचे पाट वाहवायचे, आणि मरणारे मरता मरताही विनोद करणार. त्यातली मोडणारी हाडं ही लेकीची कारागिरी.

"मुंडकं उडालं तरी थट्टा सुटत नाही मेल्याची," बाबा म्हणाले. "माझ्याच वळणावर गेलाय!" आणि खेळातल्या विदूषकासाठी माइकपुढे असे खदखदून हसले, की आवाजाच्या मीटरचा काटा थरथरला.

यादीत तीनच आवाज उरले होते. बोट. गुडघा. आणि हसता हसता गळा चिरला गेलेला विदूषक.

बोटासाठी गाजर झालं; मोडताना ते बारीक चिरकलं. दुसऱ्या दिवशी बाबांचं बोट दारात चेंगरलं. कट्! आणि मागोमाग गाजराचाच तो बारीक चिरका सूर. कानाला भास झाला असेल, तिने मनाची समजूत घातली.

गुडघ्यासाठी ओल्या फडक्यात अक्रोड फोडला. एक टरफल निसटून फरशीवर उड्या मारत गेलं. संध्याकाळी बाबा जिन्यात घसरले. कड्! आणि मग रिकाम्या पायऱ्यांवरून टिक, टिक, टिक.

तिने जिना हातांनी चाचपला. टरफल नव्हतं.

"आता उरलं काय? माझं हसू," प्लास्टरमधला पाय खुर्चीवर टाकून बाबा म्हणाले. "घे कापून!"

"बाबा, असं बोलू नका हो."

तिने रेकॉर्ड केलेलं हसू कापलं नाही. पुसून टाकलं. मग गेम कंपनीतल्या माणसाला फोन लावला. "विदूषकाचा आवाज मी देणार नाही."

"अहो, तो सकाळीच आला की! काय तोडलंय हसू! आम्ही सगळे गार. फक्त शेवटी तुमचा आवाज राहून गेलाय, तेवढा काढतो."

"माझा?"

"ऐका ना."

बाबांचं हसू. चढत गेलं, चढत गेलं, मध्येच तुटलं. शांतता. मग धावती पावलं. मग तिचाच आवाज, पण आयुष्यात कधी न निघालेल्या सुरात:

"बाबा?"

फोन तिच्या हातून गळून पडला.

स्वयंपाकघरात बाबा कशालातरी हसू लागले.

चढत गेलं.

तुटलं.

ती जागची हलली नाही. पाय फरशीला दाबून धरले, दोन्ही तळवे ओठांवर. आपण धावलो नाही, हाक मारली नाही, तर तो आवाज पुरा होणार नाही.

खोलीबाहेरून, स्वयंपाकघराच्या दिशेने, पावलं धावत गेली.