झालं म्हणेपर्यंत

मी भौतिकशास्त्र शिकलेला माणूस आहे. बंद खोलीत आवाज कसा वागतो, हे मोजण्यावर माझं पोट चालतं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पुढे लिहितो ते खोटं ठरवणारं कोणी भेटलं, तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल.

पण ते घडलं आहे. माझ्यासमोर.

गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार. जागा माझ्या मित्राच्या रेकॉर्डिंग स्टुडिओची : एका छापखान्याच्या तळघरातल्या दोन खोल्या, मध्ये जाड काच. मित्राला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो बोलू लागला की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

काचेपलीकडे माझी धाकटी बहीण होती. ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. न्यूमोनियातून नुकतीच उठलेली. फुफ्फुसं अजून कच्ची होती. दम लागला की थांबायचं, या अटीवर डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली होती. ती अट पाळली जाते का, हे पाहायला मी भोंग्याशेजारी बसलो होतो.

मिक्सरवर टॉकबॅकचं बटण असतं. ते दाबून धरलं की इकडचं बोलणं कलाकाराच्या हेडफोनमध्ये जातं. सोडलं की बंद. आणि दाबलेलं असेतोवर इकडचे स्पीकर आपोआप दबतात, आवाज घुमू नये म्हणून.

वाचन उत्तम चाललं होतं.

मग स्पीकरमधला तिचा आवाज अचानक… लहान झाला.

"बटणावरचा हात काढ," मी म्हणालो.

भोंग्यानं दोन्ही हात वर केले. एकात चहाचा कप, दुसऱ्यात बिस्कीट. "कुठला काढू?"

काचेपलीकडे बहिणीनं मान डोलावली. मागचं वाक्य पुन्हा वाचलं. सावकाश.

स्पीकर पूर्ववत झाले.

भोंग्यानं बटण दाबलं. "बाईसाहेब, परत का वाचलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, शेवटचा शब्द गिळू नकोस." ती हसली. "आणि आज इतकं हळू बोलताय? वहिनी रागावल्या वाटतं."

भोंगा हसला नाही.

"बटणाची स्प्रिंग गेली असेल," मी म्हणालो. अडकलेल्या बटणानं स्पीकर दबतात, हे बरोबर. पण अडकलेलं बटण बोलत नाही. तो भाग मी मनातल्या मनात पुढे ढकलला.

वाचन संपल्यावर खोलीची शांतता रेकॉर्ड करतात. वाक्यांच्या मधल्या कापलेल्या जागा त्या शांततेनं भरतात. कलाकारानं निश्चल उभं राहायचं, जमेल तेवढा श्वास रोखायचा आणि 'झालं' असं ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. हेडफोनमधल्या आवाजाला या धंद्यात कोणी उलट प्रश्न करत नाही.

"शांतता घेऊ, बाईसाहेब. दम लागला तर सरळ श्वास घ्या, आपण पुन्हा करू."

तिनं डोळे मिटले. स्पीकरमध्ये फक्त खोलीची बारीक घरघर.

थोड्याच वेळात भोंग्यानं बटण दाबलं. "झालं. व्हा मोकळ्या."

ती हलली नाही.

"झालं, बाईसाहेब."

छाती स्थिर.

भोंग्यानं बटण सोडलं. आता घरघर पुन्हा ऐकू यायला हवी होती…

आली नाही. स्पीकर दबलेलेच राहिले.

आणि तिनं, डोळे मिटूनच, होकारार्थी मान हलवली.

भोंगा काचेवर मुठी आपटू लागला. मी बटण दाबलं. "अगं, श्वास घे. दादा बोलतोय. श्वास घे."

तिच्या ओठांचा रंग बदलत होता.

मध्ये दोन जड दरवाजे होते. ते कसे उघडले, आठवत नाही. मी तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढले, तेव्हा तिनं श्वास घेतला. बुडता बुडता वर आलेला माणूस घेतो तसा.

हेडफोन माझ्या हातात होते. निरीक्षण पूर्ण करायचं, तर ते कानाला लावायला हवे होते.

मी लावले नाहीत.

"का काढलेस, दादा?" बोलता आल्याबरोबर ती रागावली. "ते म्हणत होते, अजून थोडं."

"भोंगा 'झालं' म्हणाला. दोनदा. मीही ओरडत होतो."

"तुमचा कोणाचाच आवाज आला नाही."

"मग 'ते' कोण?"

ती गोंधळली. "मला वाटलं… तुम्ही आत कोणालातरी बसवलंय."

त्या संध्याकाळी आम्ही मिक्सर उघडला. स्प्रिंग ठीक. तारा ठीक. हेडफोनमधलं बोलणं अगदी पुसटसं माइकपर्यंत झिरपतं, म्हणून रेकॉर्डिंग पूर्ण आवाजात ऐकलं. भोंग्याचं 'शांतता घेऊ' त्यात आहे. त्यानंतरचं 'झालं' नाही. माझं ओरडणंही नाही.

श्वासाचा आवाज मात्र आहे. संथ. अगदी माइकजवळ. पण त्या वेळी तिची छाती हलत नव्हती, हे आम्ही दोघांनी पाहिलं आहे.

आता तिची फुफ्फुसं स्वच्छ आहेत. मेंदूच्या तपासण्या, झोपेतल्या श्वासाच्या नोंदी, सगळं सामान्य. स्टुडिओत ती पुन्हा गेलेली नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही जेवत होतो. ती बोलता बोलता मध्येच थांबली. डोळे मिटले. तळहात माझ्याकडे वर केला : गप्प राहा.

तिची छाती हलत नव्हती.

मी म्हणालो, "झालं."

तिनं मान हलवली. नाही.

मी तिचे खांदे धरून हलवले. हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही. मग तिनं आपणहून डोळे उघडले, सावकाश श्वास घेतला आणि माझ्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे पाहत हलकेच म्हणाली,

"थँक्यू."