रोज एकच अर्ज

निवडणूक जवळ आली की सरकारला कायद्यांचा उमाळा येतो, हे उज्वलाला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळून चुकलं होतं. साडेचार वर्षं ज्या फायलींवर धूळ बसते, त्या एकाएकी पळायला लागतात. यंदा तर कहरच... आचारसंहिता लागायच्या आत चार दिवसांचं अधिवेशन आणि त्यात अठरा विधेयकं! कुणाला महामंडळ, कुणाला नवा तालुका, कुणाला करमाफी. आणि त्या गर्दीत बाराव्या नंबरावर एक विधेयक होतं, ज्याच्याकडे नाशिक शहरात कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. डोंगरपठारांवरच्या जमिनी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं कंपन्यांना द्यायच्या, असं ते विधेयक.

त्यावरच्या हरकती घ्यायला उज्वलाला बसवलं होतं. एका सरकारी कार्यालयाचा दुसरा मजला, आवक-जावकची खिडकी, हातात शिक्का. वय सत्तावीस, नोकरी कंत्राटी, जीभ मात्र कायमस्वरूपी तिखट.

सप्टेंबरातल्या एका धो धो दुपारी तो खिडकीशी आला. केसांतून पाणी गळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता. आणि छातीशी धरलेली खताची प्लास्टिकची पिशवी मात्र कोरडी ठणठणीत!

"हरकती द्यायच्या होत्या, मॅडम. सुरगाण्याकडून आलोय. त्रेचाळीस आहेत."

"आधारच्या प्रती?"

"कुणाच्या?"

"ज्याची हरकत आहे त्याच्या."

"हरकत तर सगळ्या गावाची आहे."

"मग सगळ्या गावाच्या प्रती आणा," ती म्हणाली. "आणि आधी डोकं पुसा. माझ्या रजिस्टरवर पाणी पडतंय."

तो हसला. दोन पावलं मागे सरकून त्यानं रुमालानं डोकं पुसलं, आणि मग तोच रुमाल खिडकीच्या कट्ट्यावरून हलकेच फिरवला. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

मयूर भोये त्याचं नाव. सुरगाण्याच्या डोंगरातलं त्रेचाळीस घरांचं गाव, आणि तो नाशकात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. घरात आई एकटी, चतुराबाई. गावाला वर पठार होतं; तिथेच नागली, तिथेच वरई पिकायची, तिथेच गुरं चरायची. दिवाळीनंतर निम्मं गाव जीपा भरून द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायचं, पण पावसाळ्यात परत यायचं, कारण पठार होतं. पठार गेलं की परत यायला काही उरत नव्हतं. विधेयकात एक कलम होतं तेवढाच आधार. ज्या गावातल्या निम्म्याहून जास्त खातेदारांची हरकत येईल, ते गाव यादीतून वगळणार. घरटी एक खातेदार, म्हणजे त्रेचाळीसपैकी बावीस. मुदत तीस तारखेपर्यंत.

गावाकडून फोनवर आधारचे फोटो मागवून, त्यांच्या प्रती काढून तो परत आला तेव्हा कार्यालय बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. तिनं चार अर्ज घेतले, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, खाली आपली आद्याक्षरं टाकली. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन आणले. तिसऱ्या दिवशी एक. मग रोज एकच.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"येतायत गावाकडून... एकेक."

"आणि पिशवी एवढी फुगलेली का?"

"डबा आहे तो."

डबा! समोर झेरॉक्स आणि चहा दोन्ही चालवणाऱ्या जमीलभाईनं त्याच आठवड्यात उज्वलाला चहा देताना सगळं सांगून टाकलं होतं. "ताई, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कॉप्या मी पहिल्याच दिवशी काढून दिल्यात. पोरगा सगळा गठ्ठा घेऊन फिरतोय. रोज एक कागद द्यायला कोण जिने चढतं हो?" आणि मिशीत हसला होता.

म्हणजे तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. आणि दोघंही तोंडातून चकार शब्द काढत नव्हती! पहिल्या पहिल्या दिवसांत असंच असतं. साडेचार वाजले की तिचं लक्ष जिन्याकडे लागायचं. त्याची चप्पल वाजायची, दुसऱ्या वळणावर थोडी थांबायची... केस सारखे करत असावा मेला. मग तो खिडकीशी यायचा, अर्ज सरकवायचा, आणि कागद घेताना तिची बोटं उगाचच जरा जास्त वेळ लावायची.

"मॅडम, चहा घ्यायचा का खाली?"

"का म्हणून?"

"हरकत असेल तर लेखी द्या. पोच देतो."

ती तोंड फिरवून हसली, आणि पाच वाजता खाली गेली. जमीलभाईच्या दुकानाच्या पत्र्याखाली दोघं उभी राहिली. पाऊस तिरपा येत होता; तो नकळत त्या बाजूला सरकून उभा राहिला. फोनवर त्यानं पठार दाखवलं. हिरवंगार, आणि त्यावर गुलाबी तेरड्याचा नुसता खच.

"खरंच एवढा फुलतो?"

"यंदा बघायला ये." 'तुम्ही'वरून तो 'तू'वर कधी आला ते दोघांनाही कळलं नाही. "आई नागलीची भाकर करील. तुला जमेल का खायला, शहरातल्या माणसाला?"

"जमेल की," ती म्हणाली. "करायलाही शिकेन."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. तो रिकामा कप कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिला.

प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. साफ खोटं! प्रेमात माणूस चांगला डोळस असतो. मयूरनं कॅलेंडरवर बोटं ठेवून दिवस मोजले होते. तीस तारखेपर्यंत भरपूर दिवस. बावीसचा आकडा तर त्याआधीच गाठला जाणार. शेवटी उरलेला गठ्ठा एकदम द्यायचा. पै न् पै बरोबर. चुकलं एवढंच की त्यानं सरकारला शब्दाचं पक्कं धरलं.

त्या सोमवारी तो विसावा अर्ज घेऊन आला आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकला. फलकावर सकाळीच एक कागद चिकटवला होता. निवडणूक लवकर लागण्याची चिन्हं, म्हणून अधिवेशन अलीकडे आणलेलं. म्हणून हरकतींची मुदतही कमी केलेली. मुदत संपली शुक्रवारी, सायंकाळी पाच वाजता.

शुक्रवारी पावणेपाचला तो इथंच उभा होता. एकोणिसावा अर्ज दिला होता त्यानं. पिशवीत चोवीस होते.

"उज्वला," तो खिडकीशी येऊन म्हणाला. कार्यालयात त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. "हे काय आहे?"

तिनं रजिस्टर ओढलं. मागची पानं उलटली. बुधवारचं पान. टपाल क्रमांक, विषय: मुदतीबाबत, आणि शेवटी तिचीच आद्याक्षरं, ठसठशीत. पत्र बुधवारी आलं होतं. तिच्याच हातात आलं होतं. वेळ साडेचारची असणार, कारण अक्षर घाईचं होतं. न वाचताच नंबर टाकून तिनं ते साहेबांच्या ट्रेमध्ये सारलं होतं आणि जिन्याकडे बघत बसली होती.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी वाचलंच नाही रे."

"आणि मी दिले नाहीत." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "घे ना हे. तीनच घे. शुक्रवारची तारीख टाक."

आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करायला ती उठली. अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली, रडली, हात जोडले, नोकरी गेली तरी चालेल म्हणाली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं.

"बाई, ते पत्र मीसुद्धा शुक्रवारी संध्याकाळीच उघडलं. आकडा शुक्रवारीच पाच वाजून दहा मिनिटांनी मेलनं वर गेला. एकोणीस. आता तू इथं तीनशे लिहिलेस तरी तिथं एकोणीसच."

तीन कमी पडले. फक्त तीन! चहाच्या पत्र्याखाली उभं राहून त्यांनी तीन दिवस कधी घालवले असतील, तेही आठवत नव्हतं.

अधिवेशनाच्या तिसऱ्या दिवशी जमीलभाईनं दुकानातल्या फोनवर सभागृह लावलं. विरोधक भलत्याच विषयावर घोषणा देत पुढे आले होते, कागद उडत होते, कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. त्या गोंगाटात विधेयकं पुकारली जात होती. बारावं आलं कधी, 'होय'चं बहुमत झालं कधी... चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सोबतच्या यादीत मयूरच्या गावाचं नाव सव्विसावं होतं.

"कुणी वाचलं तरी का रे ते?" उज्वलानं विचारलं. मयूरनं नाही म्हणून मान हलवली, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. चहा तसाच राहिला. दोन दिवसांनी आचारसंहिता लागली. आता निकाल लागेपर्यंत कुणी काही विचारायचं नाही, कुणी काही सांगायचं नाही.

त्यानंतर तो आला नाही. साडेचार वाजायचे, उज्वलाचा जीव तरीही तुटायचा. लाज वाटायची स्वतःची. एका गावाचं वाटोळं झालं होतं आणि हिला अजून त्याची चप्पल ऐकायची होती! पण वाटायचं ते वाटायचंच. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आठवड्याभरानं तो आला, पण एकटा नव्हता. सोबत नऊवारीतली एक उंच, सावळी बाई होती आणि गावचे जुने पंच, बहिरूबाबा.

"मॅडम," बाई खिडकीत वाकून म्हणाली, "म्या चतुराबाई. आमच्या त्रेचाळीस घरांनी सह्या केल्या, अंगठे दिले. मंग यादीत आमचं नाव कसं आलं? काय चुकलं आमचं, तेवढं सांगा."

मयूर पुढे आला. त्याची दाढी वाढली होती.

"आई, मी सांगतो. गावात सांगायची हिंमत नाय झाली." "सगळे अर्ज माझ्याजवळच होते. पहिल्या दिवसापासून. मी रोज एकच द्यायचो."

"का रं?"

"इथं रोज यायला मिळावं म्हणून."

तो खाली बघत होता. चतुराबाईनं मात्र वर बघितलं, खिडकीकडे, आणि बराच वेळ बघत राहिली. बहिरूबाबा जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं उज्वलाला वाटलं.

"मंग पोरगी तरी मिळली का?" चतुराबाईनं विचारलं.

आवाजात टोमणा नव्हता. पुरात सगळं वाहून गेल्यावर, काही हाती लागलं का, असं विचारावं तसं तिनं साधं विचारलं.

"नाय, आई."

उज्वला उठली, दार उघडून बाहेर आली. रांगेतली माणसं बघत होती. बघू देत.

"खोटं बोलतोय तो. मिळाली आहे," ती म्हणाली. "आणि चूक एकट्याची नाही त्याची. मुदत कमी झाल्याचं पत्र माझ्या हातात आलं होतं. मी ह्याची वाट बघत होते, म्हणून वाचलं नाही."

"आवडतो तुला?"

"हो." हे तिनं त्यालासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. "खूप आवडतो. मी येईन तुमच्याकडे. जिथं जाल तिथं, कामालासुद्धा येईन."

चतुराबाईनं हात पुढे केला आणि तिच्या गालावरून फिरवला. खरखरीत हात, पण किती हळू फिरवला.

"पोरी, तुझ्यात काय बी खोट नाय. सून म्हनून लय शोभली असतीस. पन तुझ्या हातची भाकर खाताना दर येळेला मला पठार आठवंल. तोंडानं मी तुला गोड बोलंन, आन मनात शिव्या दीन. असं काय वाईट केलंस तू, रोज शिव्या खायला?"

उज्वलानं मयूरकडे बघितलं. त्यानं काहीतरी बोलायला हवं होतं. एक शब्द... अर्धा शब्दसुद्धा पुरला असता. ती आहे त्या साडीत, आहे त्या चपलांत खाली उतरली असती. त्याचे ओठ हलले. मग त्यानं पायरीवर बसलेल्या बहिरूबाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि ओठ मिटून घेतले.

चतुराबाई जिन्याकडे वळली. मयूरनं बहिरूबाबांना हात देऊन उठवलं आणि त्यांना सांभाळत एकेक पायरी उतरू लागला. शेवटची पायरी येईपर्यंत उज्वला त्याला हाक मारणार होती. तिनं मारली नाही.