मस्कतचा व्हिडिओ गेम

"बाई, धावा! बाबलीचा दुकान फोडल्यानी! तेका पोलीस घेऊन गेले!"

मथुरा मालवणच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दारात ओरडणाऱ्या पोराचं ऐकून ती वर्ग तसाच सोडून बाजारात धावली. धाकट्या भावाच्या, बाबलीच्या, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची काच रस्त्यावर पसरली होती. रेडिओ पायाखाली तुडवले होते.

शेजारच्या आनंदीबाईंनी सगळं सांगितलं. काजूचे व्यापारी काशिनाथशेठ यांचा मुलगा गणपत मस्कतहून सुट्टीवर आला होता. गेल्या वर्षी त्याने मुंबईमार्गे घरी व्हिडिओ गेमचा सेट धाडला होता. तो बिघडला, बाबलीने दुरुस्त करून परत दिला. गणपतने आज तो पाहिला आणि ओरडला, "हो माझो नाय! ही नक्कल आसा!" लगेच, बाबलीने अस्सल सेट लांबवला म्हणत, शेठचा भाऊ दत्ताराम माणसं घेऊन दुकानावर चालून आला.

मथुरा तडक शेठच्या घरी गेली. ओटीवर हवालदार भिकाजी पंचनामा करत होते.

"माका तो सेट बघूचो आसा."

"चोराची भैण पुरावो बघतली?" दत्ताराम गुरगुरला.

"होय, बघतली!" तिचा आवाज चढला. "हवालदारसाहेब, तुमच्यासमोर बघते."

काळं प्लास्टिक, पुढे लाकडासारखी पट्टी, वर कॅसेट घालायची खाच. मथुराने खाचेत बोट घातलं. ते लगेच अडलं. खाच नुसती दिखाऊ होती. तिने स्क्रू काढले. आत एक चिमुकली सर्किटची पट्टी होती आणि वजन यावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. बाकी खोकं रिकामं.

"गणपत, तुझ्या सेटात कॅसेट घातली नाय तर काय दिसता?"

"काय नाय. पडदो काळो."

"कॅसेटी धाडलंस?"

"सेटाबरोबरच."

ती दत्तारामकडे वळली. "तुम्ही खेळलात यावर?"

"रोज! अस्सल होतो तेव्हा. कॅसेट मीच घालत होतंय."

"त्या कॅसेटी आणा."

गणपतची बायको सीता आतून डबा घेऊन आली. प्रत्येक कॅसेटवर कारखान्याचा चकचकीत कागद तसाच होता. एकही फाडलेला नव्हता.

"सीता, बिघडण्याआधी तू खेळायचीस?"

सीताने सासऱ्यांकडे पाहिलं, मान खाली घातली. "दुपारची खेळतंय. मागची कळ फिरवली की विमानाचो खेळ लागता. कॅसेटीची गरजच पडाक नाय. पयल्या दिवसापासून."

मथुरा हवालदारांकडे वळली.

"ऐकलंत, हवालदारसाहेब? अस्सल सेट कॅसेटीशिवाय चालत नाही. नकलेत खेळ आतच भरलेले असतात. सीता पहिल्या दिवसापासून कॅसेट न घालता खेळते आहे. म्हणजे या घरात अस्सल सेट कधी आलाच नाही. बाबलीच्या हातात नक्कलच पडली, आणि त्याने तीच दुरुस्त केली. म्हणजे अदलाबदल वाटेतच झाली. मुंबईहून सेट कोण घेऊन इलो, शेठ?"

काशिनाथशेठ सावकाश भावाकडे वळले. "दत्ताराम. एकटोच गेल्लो."

"हवालदारसाहेब, उघडल्याच नाहीत त्या कॅसेटी हे रोज घालत होते! मालवणात सेट उघडता येणारा एकटा बाबली. त्याने तोंड उघडण्याआधीच यांनी त्याला चोर ठरवलं."

दत्तारामचं तोंड उतरलं. "मुंबईत गिऱ्हाईक मिळाला... दादा, हय कोणाक फरक कळतलो, असा वाटला."

शेठनी त्याच्या कानशिलात लगावली. मग मथुरासमोर हात जोडले. "बाई, घरातली गोष्ट घरातच ऱ्हवांदे. दुकान मी भरून देतंय."

"माझ्या भावाक भर बाजारात चोर म्हटल्यानी, शेठ! थयच ह्येना सांगूक व्हया, चोर कोण ता. माझ्यासमोर. आत्ताच्या आत्ता!"

शेठनी होकारार्थी मान हलवली. गणपतने काकाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत पायऱ्या उतरवल्या.




बाजारात दत्तारामने स्वतःची चोरी कबूल केली तेव्हा फुटलेल्या काचांभोवती गर्दी उभी होती. सकाळी दगड मारणारेही तिथेच होते, माना खाली घालून. मथुराने एकेकाकडे नीट पाहून घेतलं. मग ती हवालदारांबरोबर बाबलीला सोडवायला निघाली.